लखुजीराजे जाधव नेमके कोणाचे?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

१२ जानेवारीला सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. राजवाड्याच्या दारात रांग, जिजाऊसृष्टीवर सभा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं. त्या गर्दीतले किती जण लखुजीराजांच्या समाधीपर्यंत जातात, ते ज्याने त्याने आठवून पाहावं. जे जातात तेही बहुतेक एक फोटो काढून परत फिरतात. "जिजाऊंचे वडील" एवढी ओळख पुरेशी वाटते आपल्याला.

मागे एका ग्रुपवर वाद पेटला होता. एकाने लिहिलं, लखुजीराव मोगलांचे मनसबदार होते, म्हणजे गद्दारच की. दुसऱ्याने लगेच उत्तर ठोकलं, खबरदार, स्वराज्याचं पहिलं स्वप्न त्यांनीच पाहिलं. मग दोनशे कमेंट. आजकाल आपल्या राज्यात "गद्दार" हा शब्द चहाच्या टपरीवर साखरेसारखा वापरतात, त्यामुळे तो चारशे वर्षांमागे फेकायलाही कोणाला काही वाटत नाही. माझं मत विचाराल तर दोघेही चूक. दोघांनीही लखुजीराजांना आजच्या मापाने मोजलं. त्या माणसाची लष्करी कारकीर्द त्याच्याच काळात ठेवून पाहिली तर ती या दोन्ही शिक्क्यांपेक्षा फार मोठी आणि फार अवघड दिसते.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. १५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड अकबराला देऊन टाकलं. मोगलांचा तळ बाळापूरला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्लाही मोगलांनी घेतला. पण निजामशाही मेली नाही. मलिक अंबर नावाच्या हबशी माणसाने, जो गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनमध्ये पोचला होता, एका राजपुत्राला गादीवर बसवून ती पुन्हा उभी केली. पुढे त्याने खडकी वसवली, म्हणजे आताचं संभाजीनगर. एकीकडे बाळापूर, दुसरीकडे दौलताबाद-खडकी. मधे आपला घाटावरचा मुलूख. मेहकर, सिंदखेड, जालना. म्हणजे सिंदखेडच्या देशमुखाचं घर दोन चुलींच्या मधल्या राखेत होतं असं समजा. कुठलीही फौज कुठेही जायला निघाली, तरी ती याच्या शेतातून जाणार.

या घराण्याची परंपरा देवगिरीच्या यादवांपर्यंत नेली जाते. पण १६०० च्या सुमारास लखुजीरावांची खरी ताकद वंशावळीत नव्हती, घोड्यांमध्ये होती. त्या काळी सरदार म्हणजे पगारी अधिकारी नव्हे. तो स्वतःची फौज घेऊन यायचा. त्या फौजेत स्वतःचा घोडा आणि हत्यार आणणारा तो शिलेदार. सरदाराच्या घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर. घोड्याची चंदी-वैरण, माणसांची भाकर, मेलेल्याच्या घराची सोय, हे सगळं सरदाराच्या अंगावर. त्या बदल्यात सुलतानाने जहागीर द्यायची, म्हणजे अमुक परगण्याचा वसूल तुझा. हा व्यवहार होता. सुलतानाने जहागीर काढली की फौज उपाशी, आणि उपाशी फौज चार दिवसांत दुसऱ्याच्या दारात. म्हणून असा सरदार ज्याच्याकडे गेला तिकडे तराजू झुकायचा. मोगलांना हे पक्कं कळलं होतं. किल्ले तोफांनी पडतात, पण दख्खनची मोकळी लढाई मराठा स्वाराशिवाय जिंकता येत नाही. मलिक अंबरची सगळी ताकद तरी कशात होती? रसद तोडणं, रात्रीचे छापे, समोरासमोर न भिडता शत्रूला दमवणं. हे काम करणारे स्वार आपल्याच भागातले.

आता त्यांची वाटचाल बघू.

१६१५ अखेर ते १६१६ च्या सुरुवातीचा काळ. बाळापूरला मोगल सेनापती शाहनवाजखान बसलेला, खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा. हे अब्दुर्रहीम म्हणजे दोहे लिहिणारे आपले रहीम. मलिक अंबरवर नाराज झालेले काही सरदार त्याच्याकडे गेले. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत ही नावं नोंदवली आहेत आणि त्यांत एक "जादूराय" आहे. फारसी लिहिणारे जाधवरावांना असंच लिहितात. त्यानंतर १६१६ च्या फेब्रुवारीत रोशनगावची लढाई झाली. हे गाव जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यात. मलिक अंबर हरला. मोगलांनी पुढे जाऊन नवी वसलेली खडकी उद्ध्वस्त केली. सिंदखेडहून जालन्याला बाजाराला जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की जालन्याच्या थोडं पुढे चारशे वर्षांपूर्वी दख्खनचा निकाल लागला होता?

पण निकाल टिकला नाही. मलिक अंबर पुन्हा उठला, आणि १६२० मध्ये तर त्याच्या फौजा थेट बऱ्हाणपूरपर्यंत पोचल्या. मग शहाजादा खुर्रम, पुढचा शाहजहान, दख्खनवर आला. १६२१ पर्यंत लखुजीराव पक्के मोगलांकडे गेलेले दिसतात. त्यांना मोठी मनसब मिळाली. मआसिर-उल-उमरा हा मोगल सरदारांचा चरित्रग्रंथ सांगतो, की या घरातल्या मुलांच्या, नातवंडांच्या आणि भाऊबंदांच्या मनसबी एकत्र केल्या तर २४,००० जात आणि १५,००० स्वार एवढा आकडा होत होता. जात म्हणजे दरबारातला दर्जा आणि त्याप्रमाणे पगार. स्वार म्हणजे किती घोडेस्वार बाळगायचे ती जबाबदारी. कागदावरचे स्वार आणि प्रत्यक्ष मैदानातले स्वार यांत तेव्हाही फरक असायचा, आपल्याकडच्या हजेरीपटासारखाच. तो सोडून दिला तरी एका घराण्याची ही ताकद लहान नाही. सिंदखेडसारख्या गावात एवढ्या मोठ्या इमारती, तलाव, बारवा का आहेत, त्याचं उत्तर याच आकड्यात सापडतं.

हे का झालं असावं? जमिनीचा आणि जहागिरीचा हिशोब होताच. पण एक जखमही होती. शिवभारत हा कवींद्र परमानंदांचा संस्कृत ग्रंथ खुद्द शिवरायांच्या काळातला. त्यात निजामशाही दरबारातून परतताना घडलेला प्रसंग आहे. खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला. लखुजीरावांचा मुलगा दत्ताजी त्याला आवरायला गेला. भोसल्यांपैकी संभाजी, म्हणजे विठोजींचा मुलगा, शहाजीराजांचा चुलतभाऊ, हत्तीच्या बाजूने पुढे आला. बोलाचाली, मग तलवारी. दत्ताजी पडला. पुढे गेलेले लखुजीराव मुलाची बातमी ऐकून मागे फिरले. शहाजीराजे चुलतभावाच्या मदतीला आडवे आले, त्यांच्यावर सासऱ्यानेच वार केला. संभाजी मारला गेला.

एका हत्तीपायी. सासर आणि माहेर दोन्हीकडे एकेक प्रेत. जिजाऊंच्या बाजूने हा प्रसंग कोणी लिहिला नाही, पण आपल्याकडे ज्या घरात जमिनीच्या बांधावरून सोयऱ्यांत कुऱ्हाडी निघाल्या आहेत, त्या घरातल्या बाईला तो वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

१६२४ ला भातवडी. आताच्या अहिल्यानगरजवळचं गाव. एकीकडे मोगल आणि विजापूरची आदिलशाही, दुसरीकडे एकटा मलिक अंबर. त्याने तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या तळाचा चिखल केला, रसद तोडली, रात्री छापे घातले आणि मग तुटून पडला. शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. आणि शिवभारतात मोगलांकडच्या सरदारांची यादी आहे तिच्यात जाधवराव आहेत. सासरा आणि जावई समोरासमोर. सासऱ्याची बाजू हरली.

आता जरा दूर जाऊ. हेच दिवस युरोपात तीस वर्षांच्या युद्धाचे, १६१८ ते १६४८. तिथे हान्स गेओर्ग फॉन आर्निम नावाचा एक जर्मन सेनापती होऊन गेला. आधी स्वीडनच्या राजाच्या चाकरीत. मग पोलंडकडे. मग जर्मन सम्राटाकडे, तिथे फील्डमार्शल झाला. मग ती चाकरी सोडून सॅक्सनीच्या फौजेचा सेनापती, आणि १६३१ मध्ये ब्राइटनफेल्डला स्वीडनच्या खांद्याला खांदा लावून त्याच सम्राटाच्या फौजेविरुद्ध लढला. पुढे स्वीडननेच त्याला कैद केलं. तिथले इतिहासकार या माणसाबद्दल भांडतात ते त्याच्या डावपेचांवर आणि धोरणावर. बाजू बदलणं त्या धंद्यातच होतं, कारण फौज राज्याची नव्हती, सेनापतीने उभी केलेली होती. स्वीडनच्या निशाणाखाली लढणाऱ्या फौजेत तरी स्वीडिश किती? पुढे पुढे तर जर्मन आणि स्कॉट भाडोत्रीच जास्त. जशी निजामशाहीच्या फौजेत हबशी, दख्खनी, मराठे.

घरचं उदाहरण हवं असेल तर शहाजीराजेच घ्या. निजामशाही, मग आदिलशाही, परत निजामशाही, १६३० मध्ये मोगल, ते सोडून पुन्हा निजामशाहीचा शेवटचा डाव, आणि १६३६ नंतर आदिलशाही. आपण त्यांना गद्दार म्हणत नाही, आणि बरोबरच करतो. मग सासऱ्यालाच वेगळं माप का? आणि खुद्द शाहजहान? बापाविरुद्ध बंड करून १६२४ मध्ये तो ज्याच्याशी आधी लढला होता त्या मलिक अंबरच्याच आश्रयाला आला होता.

एक फरक मात्र मुद्दाम सांगतो, नाहीतर आजचे काही पुढारी या पोस्टचा स्क्रीनशॉट काढून आपलं समर्थन करतील. लखुजीराव बाजू बदलत होते तेव्हा स्वतःची माणसं, स्वतःचे घोडे आणि स्वतःचं मुंडकं पणाला लावून बदलत होते. कोणाच्या मतांवर निवडून येऊन ते गेले नव्हते. आणि हिशोब चुकला तर काय होतं, ते १६२९ मध्ये दिसलं.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याच्यामागे निजामशाहीत एकसंध डोकं उरलं नाही. १६२७ मध्ये जहांगीर वारला. त्या गडबडीत मोगलांचा दख्खनचा सुभेदार खानजहान लोदी याने तीन लाख होन घेऊन बालाघाटचा मुलूख निजामशहाला सोडून दिला. तीन लाख होनांत देश विकला, आणि विकणारा मोगलांचाच सुभेदार. सीमेवरच्या वतनदाराने अशा वेळी काय करायचं? ज्या बादशहाची मनसब खायची त्याचा सुभेदारच जमीन विकतोय. लखुजीरावांनी पुन्हा निजामशहाकडे जायचं ठरवलं, त्यामागे हे मोठं कारण असावं असं मला वाटतं. वतन जिकडे, तिकडे वतनदार.

पण निजामशहाच्या मनात त्यांच्याबद्दल विश्वास नव्हता. आठ-नऊ वर्षं समोरून लढलेला माणूस, एवढी मोठी फौज, दोन मोठे मुलगे. त्याला तो आधार वाटला नाही, धोका वाटला.

२५ जुलै १६२९. दौलताबाद. लखुजीराव मुजऱ्याला दरबारात गेले. सोबत मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव, म्हणजे त्या हत्तीच्या प्रसंगात पडलेल्या दत्ताजीचा मुलगा. मारेकरी आधीच पेरलेले होते. या कटात हमीदखानाचं नाव येतं. त्यांना धरायला माणसं पुढे झाली तेव्हा चौघांनीही तलवारी उपसल्या. चौघेही तिथेच मारले गेले. ज्या दरबारात आपण होऊन परत आले, त्याच दरबारात.

पाच वर्षांनी, फेब्रुवारी १६३४ मध्ये, युरोपातही जवळजवळ हेच घडलं. वॉलेनस्टाइन हा सम्राटाचा सर्वांत मोठा सेनापती. स्वतःच्या पैशाने फौज उभी केलेला. तो स्वीडनशी आणि सॅक्सनीशी आतून बोलणी करतोय असा संशय आला. एगर गावच्या किल्ल्यात त्याच्या जवळच्या माणसांना जेवायला बोलावून कापलं, आणि मग त्याला त्याच्या निजायच्या खोलीत. मारणारे त्याच्याच फौजेतले आयरिश आणि स्कॉट अधिकारी. कारण तेच. ज्याची फौज स्वतःची, त्याची भीती त्याच्या धन्यालाच जास्त. त्या वॉलेनस्टाइनवर जर्मन कवी शिलरने तीन भागांचं नाटक लिहिलं, आजही रंगमंचावर येतं. आपल्या लखुजीरावांवर कमेंटमधला वाद आहे.

या खुनाने निजामशहाचं काय भलं झालं? काही नाही. लखुजीरावांच्या पत्नी म्हाळसाबाई, ज्यांना काही ठिकाणी गिरजाई म्हटलंय, दीर जगदेवराव आणि मुलगा बहादुरजी यांच्यासह तळ उठवून सिंदखेडला निघाल्या. नवरा, दोन मुलं आणि नातू एका दिवसात गेलेली बाई. रडत बसायला वेळ नव्हता, कारण मागून फौज येणार हे उघड होतं. घराणं मोगलांकडे गेलं. शाहजहानने बहादुरजींना पंचहजारी मनसब दिली, जगदेवरावांना आणि इतरांनाही दिल्या. म्हणजे जी फौज निजामशहाकडे आपण होऊन आली होती, ती त्याने स्वतःच्या हाताने शत्रूला दिली. शहाजीराजेही निजामशाही सोडून गेले. वरून १६३० पासून तो भयंकर दुष्काळ. निजामशहाला पुढे मलिक अंबरच्याच मुलाने, फत्तेखानाने, कैद करून मारलं. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतलं, १६३६ मध्ये निजामशाही संपली. त्या दरबारातल्या खुनानंतर अवघ्या सात वर्षांत.

जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. बाप, दोन भाऊ आणि भाचा गेल्यावर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवराय जन्मले. त्या काळात बातमी किती दिवसांनी पोचली असेल, कोणी सांगितली असेल, कल्पना करवत नाही. पण एवढं नक्की, की दुसऱ्याच्या दरबारात कितीही मोठी मनसब असली तरी माणसाची किंमत किती, हे त्या बाईला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. ती किंमत तिच्या माहेराने मोजली होती. लखुजीरावांनी स्वराज्याचं स्वप्न पाहिलं असं म्हणायला मला आधार दिसत नाही. पण दुसऱ्याच्या छत्राखाली कितीही मोठं झालं तरी शेवट काय होतो, याचा पुरावा त्यांच्या मरणाएवढा दुसरा नाही. हा फरक बारीक वाटेल, पण तो ठेवायला हवा.

पुढची गंमत बघा. सिंदखेडची शाखा मोगलांच्या चाकरीत राहिली. आणि दरबारात पडलेल्या अचलोजींच्या वंशातले धनाजी जाधव मात्र स्वराज्याचे सेनापती झाले, औरंगजेबाच्या फौजेला शेवटपर्यंत झुंजवत राहिले. एकाच घरातून दोन वाटा. कोणत्या वाटेला "आपली" म्हणायचं आणि कोणत्या वाटेचं नाव काढायचं नाही, हे ठरवायला बसलो तर अर्धा जिल्हा आपल्याच आजोबांवर रुसेल. देऊळगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा, या गावांच्या नावामागचा "राजा" याच जाधवांचा आहे.

समाधीबद्दल थोडं. सिंदखेडराजातली ती भव्य चौकोनी इमारत लांबून एखाद्या मकबऱ्यासारखी वाटते, आणि बाहेरून आलेले पाहुणे तसं विचारतातही. दख्खनच्या सुलतानांकडे आणि मोगलांकडे आयुष्य गेलेल्या सरदाराची समाधी त्याच घडणीची असणार, त्यात अवघडल्यासारखं वाटायचं कारण नाही. २०२४ च्या जूनमध्ये पुरातत्त्व विभागाचं जतनाचं काम चालू असताना समाधीजवळच्या जमिनीतून शेषशायी विष्णूची सुरेख मोठी मूर्ती निघाली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच. चार दिवस कॅमेरे होते. मूर्तीची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. शेजारी कोण झोपलंय याबद्दल कोणी दोन मिनिटंही बोललं नाही.

माझं मागणं लहान आहे. समाधीजवळ मराठीत एक नीट फलक हवा. त्यावर विशेषणं नकोत, नकाशा हवा. बाळापूर, रोशनगाव, खडकी, भातवडी, दौलताबाद. प्रत्येक ठिकाणापुढे साल आणि त्या वेळी लखुजीराजे कोणत्या बाजूने होते ते, काहीही न लपवता. खाली चौघांची नावं, लखुजीराव, अचलोजी, राघोजी, यशवंतराव, आणि तारीख २५ जुलै १६२९. त्याखाली म्हाळसाबाईंचं नाव, कारण त्या दिवशी घराणं वाचवून सिंदखेडला आणलं ते त्यांनी. शाळेच्या सहली येतात, पोरं पाच मिनिटांत वाचून काढतील.

पुढच्या जयंतीला अजून वेळ आहे. २५ जुलै त्याच्या आधी येते. त्या दिवशी सकाळी मी समाधीवर असेन. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं, आणि फलकाचा मजकूर आपण तिथेच बसून लिहून काढू. नगरपरिषदेला आणि पुरातत्त्व विभागाला द्यायचा अर्ज मी तयार ठेवतो, सह्या तुमच्या लागतील.